दक्षिणेची कनात

मांडवाला दक्षिणेकडून एक दार ठेवायचं, असं जयवंता म्हणाली मात्र, आणि मनोहररावांची सुपारी अडकित्त्यातच राहिली.

"काय म्हटलं?"

"दक्षिणेले एक दार पाह्यजे, मोठे भाऊजी. मोठं."

प्रताप नगरच्या त्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मांडव उभा राहत होता. त्र्याहत्तर सालचा मे महिना. सकाळचे नऊ वाजले नव्हते तरी ऊन कानशिलं भाजत होतं. गावाहून सात बैलगाड्यांतून जांभळाचे डहाळे आले होते, कारण डहाळ्यांशिवाय मांडव म्हणजे मनोहररावांच्या लेखी मांडवच नव्हे. लग्न चार दिवसांवर होतं. चार दिवसांत त्या हिरव्या पाल्याचं काय होणार हे नागपूरच्या उन्हात वाढलेल्या कोणालाही ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी?

बोलली ती जयवंता. मनोहररावांचा धाकटा भाऊ चंपतराव, त्याची ही बायको. आणि लग्न होतं प्रेमिलाचं. पोरगी मनोहररावांची खरी, पण तिची आई बाळंतपणातच गेली आणि बावीस दिवसांच्या त्या गोळ्याला जयवंताने पदराखाली घेतलं, त्याला एकवीस वर्षं झाली होती. स्वतःला मूल झालं नाही याचं दुःख करायलाही या पोरीने तिला उसंत दिली नाही. प्रेमिला बापाला बाबूजी म्हणायची आणि जयवंताला माय. कन्यादानाला जोडपं लागतं आणि मनोहरराव तर एकटे. तेव्हा पाटावर चंपतराव आणि जयवंता बसणार हे न बोलताच ठरलेलं होतं. त्या एका घटकेसाठी जयवंताने हिरवी इरकली साडी घेऊन वर्षभर पेटीत जपून ठेवली होती.

"दक्षिण कोनाची दिशा हाय, माहीत हाय ना?" मनोहररावांनी आवाज चढवला.

"यमाची."

"मंग? माह्या पोरीच्या लग्नात यमाले आवतन देऊन राहिली का तू?"

"यम आवतनाची वाट पाहत नाई, भाऊजी. दार लागते थे आपल्याले, बाहेर पडाले. आता पाहा, दार एकच, उत्तरेले. तिथं खुर्च्यांवर बाप्ये. बायका-लेकरं सतरंज्यांवर, दक्षिणेकडून. उद्या काही झालं त बायकाईनं बाप्यांच्या मागं रांग लावून जळावं का?"

शिडीवर चढलेला मांडववाला रुपराव तिथेच थिजला. धाकटे दीर शालिकराम खाली पाहून खोटंच खोकले. त्यांची बायको शामला मात्र कान टवकारून उभी होती. शामलाचा एक स्वभाव होता, ज्याच्या हाती काठी त्याच्या बाजूने ती.

"अगा शालिक, ऐकलं का!" मनोहरराव कडाडले. "मांडव अजून उभा नाई झाला त हे बाई जाळून मोकळी झाली. हे सगळं त्या सदरच्या वर्गाचं शिक्षन हाय."

ते मात्र खरं होतं. एकाहत्तरच्या लढाईत घराच्या काचांना काळे कागद लागले होते, तेव्हा शहराच्या सदर भागात बायकांसाठी नागरी संरक्षणाचा वर्ग निघाला होता. सहा रविवार जयवंता तिथे गेली. आगीपुढे कसं वागायचं, माणसं कशी बाहेर काढायची, मोजायची कशी, सगळं शिकली आणि येताना दंडावरची एक खाकी पट्टी आणि पितळेची एक शिट्टी घेऊन आली. बॉम्ब काही पडले नाहीत. घरात तिचं नाव 'शिट्टीबाई' पडलं तेवढं.

"म्हने तीन वेळा शिट्टी वाजवली का बायका उठतीन, कवायत करतीन!" मनोहररावांनी हात पुढे केला. "आन थे शिट्टी इकडं. लगन होऊ दे, मंग वाजव किती वाजवाची थे. आन आईक, आजपासून मांडवात एक जरी अपशकुनाचा शब्द निघाला, त कन्यादानाले शालिक आन शामला बसन. माही एक बात."

जयवंताने गळ्यातली शिट्टी काढून दिली. ती त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. चंपतराव बिचारे ओसरीवरून पाहत होते. सचिवालयात पंचवीस वर्षं फायली सरकवलेला माणूस, मोठ्या भावापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, ते आज कुठून उघडणार?

मनोहरराव आत गेले तशी ती शिडीखाली गेली.

"रुपराव, दक्षिणेची कनात कशानं बांधता?"

"सुतळीनं बाई. दर खांबाले एक गाठ."

"बैलाच्या दाव्याची गाठ बांधता येईन का? एक टोक वढलं का सुटली, अशी?"

रुपराव हसला. "थे त लेकरूबी बांधते. गोठ्याले आग लागली त कोन गाठी सोडत बसन?"

"तेच म्हनतो मी. आपून बैलाची सोय करतो, मंग बायका काय बैलाहून हलक्या हायेत का?"

रुपरावने तिच्याकडे नीट पाहिलं. मग शिडी उचलली आणि दक्षिणेकडे नेली.

दार झालं नाही, पण गाठी झाल्या. बाहेरून पाहिलं तर कनात अगदी बंद, यमाला फट नाही. आणि जयवंता कामाला लागली. विहिरीवरून अकरा ड्रम भरून घेतले. "पाहुण्यांच्या आंघोळीले," असं तिने सांगितलं, आणि नागपूरच्या मे महिन्यात पाण्याला कोण नाही म्हणणार? घमेल्यांत रेती भरली. किराणा दुकानातून रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा आणवला. आचाऱ्याची भट्टी विहिरीपलीकडे, पूर्वेला लावून घेतली. वारा पश्चिमेचा होता, ठिणगी उडालीच तर मांडवापासून दूर जावी.

हळदीच्या दिवशी, मनोहरराव बाहेर गेलेले पाहून, तिने बायकांना गोळा केलं. सतरंज्या अकरा, म्हणून बायका अकरा.

"तुमच्या सतरंजीवर कोन बसलं, कोन उठलं, कोनाचं लेकरू कुठं गेलं, हे तुमी पाहाचं. तीन वेळा शिट्टी, नाई त हाळी झाली का समोरची गाठ वढाची. आन बाहेर विहिरीपाशी आपापल्या नंबरानं उभं राहाचं."

"आवं, हे लगन हाय का पलटन?" शेजारच्या मीराबाई हसून लोळल्या. पण हसता हसताच सगळ्या जणी उठल्या. शेतकऱ्यांच्याच लेकीसुना त्या, दाव्याची गाठ प्रत्येकीच्या हाताला ठाऊक. पहिल्यांदा दोघी विसरल्या. तिसऱ्यांदा एक ते नऊ म्हणेपर्यंत सगळी कनात जमिनीवर होती. सात नंबरची सतरंजी शामलाची. तीही पदर खोचून ओढत होती आणि खिदळत होती.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी तिनेच जाऊन मनोहररावांना सांगितलं.

कपाळावर गंध, डोक्याला फेटा, अशा थाटात ते तरातरा कनातीपाशी आले. एक गाठ ओढून पाहिली. ती सुळकन सुटली तसा त्यांचा चेहरा उतरला.

"मले फसवलं तू, जयवंता."

"दार तुमाले नको होतं, म्हनून दार नाई केलं."

"रुपरावले बोलाव. पक्क्या गाठी मारू दे, आत्ताच्या आत्ता. नाई त मी काय बोललो होतो, आठोते?"

आता आजूबाजूला माणसं थांबली होती. मागे शामला होती, तिच्या डोळ्यांत पाटावर बसायची हौस लपत नव्हती. जयवंताच्या अंगावर ती हिरवी इरकली होती.  एकवीस वर्षं, गोवर, कांजिण्या, मॅट्रिकची रात्र रात्र जागरणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एक 'बरं' म्हटलं की झालं असतं. वर तिने पाहिलं. जांभळाचा पाला वाळून पापडासारखा झाला होता आणि वाऱ्याने खडखड वाजत होता.

"गाठी राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "कन्यादान शामलाले करू द्या."

मनोहररावांना हे अपेक्षित नव्हतं.  पण चार माणसांत दिलेली बात गिळायची कशी?

"जशी तुही मर्जी," एवढं बोलून ते वळले.

चंपतरावांनी तेव्हा एक गोष्ट केली. खांद्यावरचा जरीचा शेला काढून त्यांनी शालिकरामच्या हाती दिला, धोतर खोचलं आणि ड्रमपाशी जाऊन उभे राहिले. "मी इथंच हावो," असं बायकोला म्हणाले. लग्नाच्या सव्वीस वर्षांत या माणसावर तिला इतकी माया कधी आली नव्हती.

प्रेमिला पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून बसली होती. तिला कोणीतरी सांगितलंच. "माय, तू नाई बसनार?" तिचे डोळे डबडबले.

"काजळ पसरन वं, येडे! मी समोरच राहीन. दक्षिणेले पाह्य, मी दिसीन तुले."

मुहूर्त बारा वीसचा. साडेअकराला वऱ्हाड आलं. नवरदेव कृष्णकांत चांगला मुलगा, बँकेत होता. त्याचे वडील मधुकरराव मात्र मानपानाचे पक्के. बसता बसता ते शालिकरामला सहज बोलून गेले, "आमच्याकडं जिलेबी पानात पडली का चुरचुर वाजते बरं का, साहेब." झालं! व्याह्यांच्या तोंडून शब्द निघाला आणि शालिकरामच्या अंगात वारं शिरलं. विहिरीपलीकडून जिलेबी पंगतीत येईपर्यंत गार होईल, म्हणून त्यांनी कोणाला न विचारता एक भट्टी उचलून मांडवाच्या पश्चिमेच्या कनातीला खेटून लावून घेतली. विदर्भातला माणूस उन्हाला भीत नाही, उपासाला भीत नाही, पण व्याह्याने नाक मुरडलं तर त्याला रात्रभर झोप लागत नाही.

जयवंता दक्षिणेच्या कनातीपाशी उभी होती. अंतरपाट धरला गेला. दत्तोपंत भटजींनी लाउडस्पीकरपुढे घसा साफ केला आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. लोक अक्षता मुठीत घेऊन बोहल्याकडे पाहत होते. जयवंताही पाहत होती. पाटाशेजारी शामला नटून उभी होती. सात नंबरच्या सतरंजीवर मनकर्णा आत्या बसली होती, पण तिथली गाठ ओढायला कोणीच नव्हतं.

तेवढ्यात तिला तुपाचा वास आला. वास पश्चिमेकडून येत होता.

"अवो!" ती चंपतरावांवर ओरडली. "भट्टी कोनं हलवली? पाहा, पाहा लौकर!"

ते धावले, पण वावटळ त्यांच्या आधी पोचली. रिकाम्या प्लॉटावरची धूळ, पत्रावळी, सगळं गरगरत उचलून तिने भट्टीत तोंड घातलं आणि निखारे मांडवावर फेकले. वाळलेल्या पाल्याने नुसता भप्प आवाज केला. पश्चिमेचा कोपरा पेटला.

"उठा! अवं उठा!" जयवंता जीव खाऊन ओरडली. पण लाउडस्पीकरपुढे तिचं कोण ऐकतं? 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, बायका नवरीकडे पाहून हसल्या. तिचा हात सवयीने गळ्याकडे गेला. गळा रिकामा होता.

आणि त्याच वेळी शिट्टी वाजली. एकदा. दोनदा. तीनदा.

बोहल्यावर मनोहरराव उभे होते. तोंड पश्चिमेकडे, त्यामुळे ज्वाळा सगळ्यांआधी त्यांनाच दिसली होती. फेटा घसरलेला, गाल फुगलेले, आणि ओठांत जयवंताची पितळेची शिट्टी.

पुढचं सगळं हातांनी केलं, डोक्याला विचारायला वेळच नव्हता. दहा जणींनी दहा टोकं ओढली. सातवं जयवंताने ओढलं. कनात धाडकन खाली बसली आणि रिकामा प्लॉट, विहीर, मोठं कडुनिंबाचं झाड, सगळं एकदम समोर आलं. "एक नंबर, चला! लेकरं काखेत घ्या! चपला राहू द्या वं, नव्या घेऊ!" मीराबाई दोन पोरं दोन काखांत मारून पळाल्या. उत्तरेच्या दाराशी खुर्च्यांत खुर्च्या अडकल्या होत्या आणि बाप्ये एकमेकांवर पडत होते. तेव्हा मनोहररावांनी भटजींच्या हातून लाउडस्पीकर ओढला.

"दक्षिणेले!" त्यांचा आवाज अख्ख्या प्रताप नगरात घुमला. "अगा, तिकडं मरू नका! सगळे दक्षिणेले चला! दक्षिणेले दार हाय!"

माणसांचा लोंढा वळला. चंपतराव ओली पोती वाटत होते, रुपराव आणि त्याचे गडी पाणी मारत होते. कृष्णकांतने अंतरपाट फेकला आणि प्रेमिलाचा हात धरून पळत सुटला. लग्न लागायच्या आधी हात धरला म्हणून पुढे कितीतरी वर्षं त्याची थट्टा व्हायची होती.

विहिरीपाशी जयवंता ओरडत होती, "एक?" "हावो, सगळे!" "दोन?" "सगळे!" "सहा?" "सगळे!" "सात?"

कोणी बोललं नाही.

सात नंबर. मनकर्णा आत्या! मनोहररावांची थोरली बहीण, पायांनी अधू आणि कानाने ठार बहिरी. शिट्टी वाजो नाहीतर तोफ, तिला काय ऐकू येणार?  जयवंताने ओलं पोतं डोक्यावर घेतलं आणि उलटी धावली.

धुराच्या तोंडाशीच ती कोणावर तरी आदळली. शामला! कन्यादानाचा शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, केस सुटलेले, आणि पाठीवर मनकर्णा आत्या. आत्याच्या मुठीत अजून अक्षता होत्या.

"माही सतरंजी होती ना वं, जयवंताबाई!" शामला खोकत रडत होती. "बोहल्यावर उभी होतो आन एकदम आठोलं. माहीच होती ना!"

जयवंताने पोतं दोघींवर टाकलं आणि ओढत बाहेर आणलं. "सात नंबर!" ती किंचाळली. "सगळे!" मागे मांडवाचं छत धप्पकन खाली आलं.

पानाला चुना लावायला लागतो तेवढ्या वेळात सगळं झालं होतं. आगीचा बंब घंटा वाजवत आला तेव्हा बांबू धुमसत होते. बंबावरचा साहेब राखेकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाला, "कितने गये?"

"कोई नहीं गया, साहेब," मनोहरराव म्हणाले. "चारशे होते, चारशे हायेत. दोघाईचे हात भाजले."

साहेबाला पटेना. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मनोहररावांनी जयवंताकडे बोट दाखवलं. "याईले विचारा. मोजून ठेवलेत."

मग कोणीतरी रडायला लागलं, कोणी हसायला लागलं आणि बँडवाल्याने न सांगताच पिपाणी फुंकली. शालिकराम एका दगडावर बसून तोंडात मारून घेत होते. मधुकरराव त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "उठा साहेब. आजपासून मी गारच जिलेबी खाईन."

दत्तोपंतांनी पंचांग काढलं. पंचांग वाचलं होतं, त्यांनी ते छातीशी धरून आणलं होतं. गोरज मुहूर्त होता. कडुनिंबाखाली पाट मांडले. अंतरपाट जळाला होता, तेव्हा रुपरावने दक्षिणेची कनात फाडून पांढरी पट्टी काढून दिली. शालिकरामने जरीचा शेला आणून चंपतरावांच्या खांद्यावर घातला. शामला स्वतःहून मागे सरली.

"शामला, पाटावर कोन बसते?" मनोहररावांनी विचारलं.

"मले काहून विचारता, भाऊजी? जिचं लेकरू, थे बसन."

जयवंताची हिरवी इरकली जागोजागी जळली होती, तोंडाला काजळी होती. "अशी बसू का?" ती म्हणाली.

मनोहरराव तिच्यापुढे आले. धाकट्या भावाच्या बायकोपुढे त्यांनी चार माणसांत हात जोडले. "चुकलं माहं," ते म्हणाले.  "तू माही पोरगी वाढवली, आन आज तिले जितीबी ठेवली. बस वं जयवंता. तुह्याबिगर हे लगन होत नाई."

ती बसली. प्रेमिलाच्या ओंजळीवर तिने पाण्याची धार सोडली. रडली ती नंतर, चंपतरावांच्या शेल्यात तोंड खुपसून.

पाठवणीच्या वेळी मनोहररावांनी बंडीतून शिट्टी काढली आणि प्रेमिलाच्या ओटीत टाकली.

"भाऊजी! माही शिट्टी हाय थे!"

"तुले सदरातून दुसरी आनून देतो. हे पोरीले लागन. सासरचं घर कसं बांधलं हाय, काय माहीत."

वऱ्हाडाची बस निघाली तेव्हा अंधार पडून ओसरीवर दिवे लागले होते. अकरा बायका राखेच्या कडेला उरलेल्या सतरंजीवर थकून पसरल्या होत्या. बस वळणावर गेली. आणि खिडकीतून शिट्टी ऐकू आली. एकदा, दोनदा, तीनदा.

अकराही जणी ताडकन उठल्या. मीराबाईंनी तर समोर नसलेली गाठ शोधायला हातही पुढे केला. मग एकमेकींकडे पाहून त्या हसत सुटल्या, रडत सुटल्या. जयवंताने डोळे पुसत वळून पाहिलं. ओसरीवरच्या खुर्चीतून, त्या सगळ्यांच्या आधी, मनोहरराव उठून उभे राहिले होते.